पाच नावांची चिठ्ठी

खोली दाखवून झाली, भाडं सांगून झालं, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते तेही सांगून झालं. मग मालकांनी विचारलं, "बास्केटबॉल बघता का?"

ऑगस्ट २००७. सांगलीहून निघून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जैवसंख्याशास्त्र शिकायला मी चॅपल हिलला आले, त्याला चारच दिवस झाले होते. बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की नव्वदच्या दशकात माझ्या भावाकडे लाल रंगाची, पाठीवर २३ आकडा असलेली एक बिनबाह्यांची जर्सी होती. गणपती पेठेतून घेतलेली. पहिल्याच धुण्यात तिने बाबांचे दोन सदरे गुलाबी केले होते. त्या आकड्याचा खरा धनी याच विद्यापीठात शिकला, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून ठोकून दिलं, "फारसं नाही बघत, पण तुमचा सगळ्यात मोठा खेळाडू माहीत आहे. मायकल जॉर्डन!"

सांगलीच्या भडंगाला पुण्यात कुणी चिवडा म्हणालं की माझी आई ज्या नजरेने बघते, त्याच नजरेने मालकांनी माझ्याकडे बघितलं.

"मायकल," ते म्हणाले. गल्लीतल्या पोराचं नाव घ्यावं तसं. "मायकल मोठा झाला तो इथून गेल्यावर. इथला सगळ्यात मोठा म्हणजे फिल फोर्ड."

आतून एक बारीक, ठाम आवाज आला, "लेनी रोझेनब्लूथ!"

ती मालकांची आई. पंच्याहत्तरीची. तिला मी मनातल्या मनात पहिल्या दिवसापासून आजीच म्हणत आले. पुढची पाच वर्षं मी त्या घरात वरच्या मजल्यावर राहिले आणि हा वाद काही मिटला नाही. मिटावा अशी कुणाची इच्छाही नव्हती.

वाद घालणारे मुख्यतः तिघं. मालक, आजी, आणि दर शनिवारी येणारे मालकांचे एक मित्र. ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून माझ्यापुरते ते मास्तर. मास्तर गॅस्टोनियाचे. त्यांचं मत जेम्स वर्दीला, आणि त्याचं पहिलं कारण ते स्वतःच हसत हसत सांगायचे, की वर्दीही गॅस्टोनियाचा. हे मला लगेच पटलं. विजय हजारे सांगलीत जन्मले एवढ्या एका कारणावरून माझे आजोबा त्यांना मर्चंटांच्याही वर बसवायचे. नंतरची कारणं शोधायला काय, अख्खं आयुष्य असतं.

सामना असला की घरात एक विधी असायचा. टीव्ही लावायचा, पण मुका. आवाज रेडिओचा, कारण रेडिओवर वुडी डरहॅम बोलायचे. हा माणूस १९७१ पासून टार हील्सच्या, म्हणजे कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाच्या, सामन्यांचं धावतं वर्णन करत होता. टार हील म्हणजे डांबर लागलेली टाच. इथल्या पाइनच्या जंगलांतून पूर्वी डांबर निघायचं, त्यावरून या राज्याच्या लोकांना पडलेलं हे नाव. आधी हिणवण्यासाठी असावं, आता लोक ते छातीवर मिरवतात. तर टीव्हीवरचे परके समालोचक कुणालाच नको असायचे. पडद्यावर चेंडू जाळीत जायचा आणि रेडिओवर तो अर्ध्या क्षणाच्या फरकाने जायचा. त्या फरकातच आजी "गेला!" म्हणून ओरडायची.

फिल फोर्ड मला कळायला वेळ लागला, कारण तो जे करायचा ते आता खेळात उरलेलंच नाही. १९७४ ते ७८ या चार वर्षांत तो कॅरोलायनाकडून खेळला आणि मालक त्याच्याच वर्षाचे विद्यार्थी. त्या काळी कॉलेज बास्केटबॉलमध्ये इतक्या सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. संघ थोड्या गुणांनी पुढे गेला की चार खेळाडू मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभे राहायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत फोर्ड एकटा चेंडू टप्पे मारत फिरवत बसायचा. हात वर, चार बोटं उघडलेली. ती खूण दिसली की समोरच्या संघाचं तोंड उतरायचं. जवळ जावं तर तो बगल देऊन आत शिरणार, लांब राहावं तर घड्याळ पळतंय, आणि वैतागून धक्का मारावा तर फ्री थ्रो, म्हणजे कुणी आड न येता बास्केटवर नेम धरायची संधी. ते चुकवायची त्याला सवय नव्हती.

"म्हणजे वेळकाढूपणा," मी एकदा म्हणाले.

"सुनील गावसकर तुमचाच ना?" मालकांनी विचारलं. क्रिकेटमधलं एवढं एकच नाव त्यांना ठाऊक होतं, तेही मीच सांगितलेलं. मी गप्प बसले.

खरं तर वेळकाढूपणाच होता. फोर्ड गेल्यावर पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७९ मध्ये, शेजारच्या ड्यूक विद्यापीठाविरुद्ध कॅरोलायनाने इतका वेळ चेंडू धरून ठेवला की मध्यांतराला धावफलक ७–० दाखवत होता. सात ड्यूकचे. फोर्ड नसताना त्याची कला वापरायला गेलं की काय होतं याचा हा पुरावा, असं मालकांचं म्हणणं. १९८२ मध्ये व्हर्जिनियाविरुद्धचा कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, अंतिम सामना ४७–४५ असा संपला, प्रेक्षक कंटाळले, दूरचित्रवाणीवाले त्याहून कंटाळले, आणि १९८५–८६ पासून ४५ सेकंदांचं घड्याळ आलं. फोर्डच्या संघाच्या युक्तीमुळे खेळाचा नियमच बदलावा लागला. "तुझ्या मायकलसाठी कुणी नियम बदलला?" असं मालक विचारायचे. जॉर्डन माझा कधी झाला ते मला कळलंच नव्हतं.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात फोर्डने ड्यूकविरुद्ध ३४ गुण केले, तेव्हा मालक प्रेक्षकांत होते. हा सामना मी एवढ्या वेळा ऐकला आहे की आता तो मलाही आठवतो.

आजीचा सामना त्याहून जुना. २३ मार्च १९५७, कॅन्सस सिटी, राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना. समोर कॅन्सस विद्यापीठ, आणि त्यांच्याकडे सात फुटांच्या वरचा विल्ट चेंबरलेन. चेंडू कुणाचा हे ठरवणाऱ्या सुरुवातीच्या उडीला कॅरोलायनाने टॉमी कर्न्सला पाठवलं, तो सहा फुटांनाही एक इंच कमी. चेंबरलेनला चक्रावून टाकायला केलेला हा खट्याळपणा. आदल्याच रात्री उपांत्य सामना तीन जादा डावांत संपला होता, हाही तीन जादा डावांत गेला. मूळ वेळ संपायच्या आतच रोझेनब्लूथ २० गुण करून पाच फाउलमुळे बाहेर बसला. अखेर सहा सेकंद उरले असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले आणि ५४–५३. अख्ख्या हंगामात ३२ सामने, ३२ विजय.

आजीने तो सामना घरातल्या नव्या टीव्हीवर मांडीवर बाळ घेऊन मध्यरात्रीपर्यंत बघितला. ते बाळ म्हणजे मालक. त्यामुळे आपणही तो सामना बघितला आहे, असा त्यांचा दावा असायचा. "तू झोपला होतास," आजी म्हणायची, "आणि दोनदा ओला झालास."

रोझेनब्लूथ न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला ज्यू मुलगा. प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर न्यूयॉर्कचे, त्यांनी आपल्या शहरातली पोरं हेरून दक्षिणेच्या या तंबाखूच्या मुलखात आणली. आजी शेतकऱ्याची मुलगी. ज्यू माणूस तिने तोवर बघितला नव्हता, आणि त्या पोरांचे उच्चार तिला कळायचे नाहीत. पण त्या वर्षी त्याने सामन्यामागे २८ गुण केले. एका हंगामातले त्याचे ८९५ गुण हा कॅरोलायनाचा विक्रम आजही टिकून आहे. जेव्हा कधी बाकीचे दोघं जोरात आले, तेव्हा आजी हा आकडा टाकायची आणि विणकामाकडे वळायची.

मास्तरांचा मुद्दा वेगळा. १९८२ चा जॉर्जटाउनविरुद्धचा राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना म्हटलं की जग एकच चित्र बघतं: पहिल्या वर्षाला असलेला किडकिडीत जॉर्डन, डाव्या बाजूने टाकलेला चेंडू, शेवटची काही सेकंदं. "६३–६२," मास्तर फळ्यावर मांडल्यासारखं बोलायचे. "त्रेसष्टपैकी मायकलचे किती? सोळा. जेम्सचे? अठ्ठावीस. आणि शेवटी त्या बिचाऱ्या फ्रेड ब्राउनने गोंधळून चेंडू कुणाच्या हातात दिला? जेम्सच्या." त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू वर्दीच ठरला, हे खरंच. पण चित्रात जॉर्डन आहे. तो पुढे जो झाला त्याचा उजेड मागे जाऊन त्या एका क्षणावर पडला आहे. वर्दीचे अठ्ठावीस त्या उजेडात दिसेनासे झाले.

इथे जॉर्डनची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून ती माझ्याकडे आली. तीन वर्षं, १०१ सामने, १७८८ गुण. सरासरी १७.७. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी देशातला अव्वल. पण १९८४ मध्ये संघ भलताच तगडा दिसत असताना इंडियानाकडून ७२–६८ असा हरला. जॉर्डनचे त्या दिवशी तेरा. इथे एक जुना विनोद आहे: जॉर्डनला वीस गुणांच्या आत रोखणारा जगातला एकमेव माणूस कोण? डीन स्मिथ. विनोद चांगला आहे, पण आकड्यांना तेवढासा धरून नाही. दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी बरोबर वीस होती. हे मी सांगितलं तेव्हा तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी लग्नात उखाण्याचं व्याकरण काढलं आहे.

आणि मग आमच्या डोळ्यांदेखत पाचवा दावेदार उभा राहिला.

टायलर हॅन्सब्रो, मिझुरीच्या पॉप्लर ब्लफ गावचा. बघायला अजिबात देखणा खेळ नाही. चेंडू मिळाला की चारजणांच्या गराड्यात घुसायचा, हात खायचा, कोपरं खायचा, कसाबसा चेंडू वर ढकलायचा, पडायचा, उठून फ्री थ्रो टाकायचा. कारकिर्दीत त्याने ९८२ फ्री थ्रो टाकले. वेड्यासारखा मेहनत करतो म्हणून पोरं त्याला 'सायको टी' म्हणायची. २००८ मध्ये तो देशाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण उपांत्य सामन्यात कॅन्ससने आम्हाला धुऊन काढलं. एका टप्प्यावर ४०–१२. (आम्हाला! वर्षभरात मी 'आम्हाला' म्हणू लागले होते.) त्यानंतर तो व्यावसायिक संघात जाऊ शकला असता, सगळे जातात. हा चौथ्या वर्षासाठी परत आला.

१८ डिसेंबर २००८. इव्हान्सव्हिलविरुद्धचा सामना. त्या रात्री हॅन्सब्रोने फोर्डचा २२९० गुणांचा विक्रम मोडला. तीस वर्षं तो टिकला होता. रेडिओवर गजर, पडद्यावर सगळे उभे. मालक उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडल्याचा आवाज आला. दोन मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "चांगला पोरगा आहे." त्या रात्री याहून जास्त ते काही बोलले नाहीत.

६ एप्रिल २००९ ला डेट्रॉइटमध्ये मिशिगन स्टेटला ८९–७२ हरवून आम्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकलो तेव्हा मी चॅपल हिलच्या मुख्य रस्त्यावर, फ्रँकलिन स्ट्रीटवर होते. रस्त्यात होळ्या पेटल्या होत्या, पोरं त्यांवरून उड्या मारत होती. पालथ्या हाताने बोंब मारायची मला फार इच्छा झाली. मारली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हॅन्सब्रोचे शेवटी २८७२ गुण झाले. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तो साधारणच ठरला. बाहेरगावचे लोक म्हणूनच त्याचं नाव घेतल्यावर खांदे उडवतात. मला मात्र हे कोडं कधीच वाटलं नाही. ज्याने पद्माकर शिवलकर हे नाव ऐकलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रथम दर्जाचे ५८९ बळी, आणि कसोटी सामना एकही नाही. म्हणून मुंबईच्या रणजी संघाच्या इतिहासात शिवलकर लहान होतात का? अमोल मुजुमदार होतो का? घराण्यातला मोठा माणूस कोण, हे गावाबाहेरच्या कीर्तीवर ठरत नाही. मालक पहिल्या दिवशी मला हेच सांगत होते, आणि मी ते सांगलीत आधीच शिकून आले होते. फक्त जर्सीच्या लाल रंगाने विसरायला लावलं होतं.

आता माझा धंदा आकड्यांचा. या वादात मला सारखं एक खुपायचं: सगळे अंशावर भांडतात, भाजकाकडे बघायला कुणी तयार नाही. हॅन्सब्रोचे २८७२ गुण १४२ सामन्यांतले. रोझेनब्लूथचे २०४५, पण सामने फक्त ७६, म्हणजे सरासरी २६.९. त्याच्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायलाच बंदी होती. ती १९७२ मध्ये उठली. फोर्डला चार वर्षं मिळाली पण लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा नव्हती. देशभर ती १९८६–८७ ला आली. आणि अलीकडे कोविडमुळे खेळाडूंना पाचवं वर्ष मिळालं, तर आर. जे. डेव्हिस २७०० च्या पुढे जाऊन फोर्डला मागे टाकून बसला. अर्मांडो बेकॉटही. डेव्हिस उत्तमच खेळाडू आहे, वादच नाही. पण वेगवेगळ्या मापांनी मोजलेलं दूध एका चरवीत ओतून कुणाच्या म्हशीने जास्त दिलं म्हणून विचारण्यासारखं आहे हे.

मी एकदा एका रविवारी खपून सगळ्यांचा हिशेब बसवला. सामन्यांमागे गुण, काळाप्रमाणे दुरुस्ती, वगैरे. छान तक्ता केला. आजीने तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "यात शार्लट कुठे आहे?"

शार्लट स्मिथ. १९९४ च्या महिलांच्या अंतिम सामन्यात लुइझियाना टेक दोन गुणांनी पुढे आणि घड्याळात ०.७ सेकंद. तेवढ्यात तिने तीन गुणांचा चेंडू टाकला, ६०–५९. शिवाय त्या सामन्यात २३ रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू झेलणं. तिच्या जर्सीचा आकडाही २३. वादाच्या इतक्या शनिवारांत कुणाला, मलासुद्धा, ती आठवली नव्हती. तक्ता मी घडी करून ठेवून दिला.

चिठ्ठ्यांची पद्धत आजीनेच सुरू केलेली. दर मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा तक्ता वर्तमानपत्रात यायचा, त्याच्या पाठीमागे प्रत्येकाने आपली पाच नावं क्रमाने लिहायची, तारीख घालायची आणि डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यात टाकायची. असल्या डब्यात आपल्याकडे सुई-दोरा असतो. तिच्याकडेही वरच्या थरात सुई-दोराच होता, खाली १९८० पासूनच्या चिठ्ठ्या. गंमत अशी की माणसं फार बदलत नाहीत. मालकांचा फोर्ड दर वर्षी पहिला. एकदाच, १९९८ ला, अँटवान जेमिसन दुसऱ्या नंबरवर आला होता. त्या वर्षी ड्यूकविरुद्ध त्याने ३५ गुण केले, आणि पूर्ण सामन्यात चेंडू त्याच्या हातात मिनिटभरही नव्हता. आला की टाकला, आला की टाकला.

चार्ली स्कॉट सगळ्यांच्या चिठ्ठीत असायचा, पण तिसरा नाहीतर चौथा. सभ्यपणे.

त्याच्याबद्दल मला कळलं ते मैदानाच्या छताकडे बघताना. डीन स्मिथ सेंटरच्या छताला जर्स्या टांगलेल्या आहेत. त्यात दोन जाती. काही नुसत्या सन्मानाच्या: आकडा टांगतात, पण पुढची मुलं तो घालू शकतात. आणि आठ निवृत्त केलेल्या: जॅक कॉब, ज्याच्या काळी जर्सीला आकडाच नव्हता, जॉर्ज ग्लॅमक, ज्याला नीट दिसायचं नाही म्हणून तो जमिनीवरच्या रेघांवरून बास्केटचा अंदाज घ्यायचा, रोझेनब्लूथ, फोर्ड, वर्दी, जॉर्डन, जेमिसन, हॅन्सब्रो. निवृत्तीचा नियम कडक आहे. देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू हा मान कुठल्यातरी मान्यताप्राप्त संस्थेकडून मिळालेला हवा. जेमिसनला तो मिळाला, म्हणून ३३ आकडा त्याच्या नावाने कायमचा बंद झाला. आणि तोच ३३ आकडा दुसऱ्या जातीच्या जर्स्यांमध्येही टांगलेला आहे. तो स्कॉटचा.

हा न्यूयॉर्कच्या हार्लेममधला मुलगा. नॉर्थ कॅरोलायनातल्याच लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, वर्गात पहिला आला. १९६६ मध्ये तो चॅपल हिलला आला तेव्हा शिष्यवृत्तीवर खेळणारा तो इथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याआधी दोनच वर्षं नागरी हक्कांचा कायदा झाला होता. फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या काही खानावळींनी माणसाचा रंग बघून टेबल द्यायचं की नाही हे ठरवणं त्या कायद्यामुळेच थांबवलं होतं. पहिल्या भेटीत डीन स्मिथ त्याला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेले. तीन हंगामांत २००७ गुण, सरासरी २२. मेक्सिकोचं ऑलिंपिक सुवर्ण. १९६९ च्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध ४० गुण, त्यातले २८ उत्तरार्धात. मग राष्ट्रीय स्पर्धेच्या विभागीय अंतिम सामन्यात डेव्हिडसनविरुद्ध ८५–८५ अशी बरोबरी, शेवटच्या क्षणी त्याने लांबून टाकलेला चेंडू आणि विजय.

त्या वर्षी कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पत्रकारांनी साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोशला निवडलं. काही पत्रकारांनी तर स्कॉटचं नाव आपल्या पहिल्या पाचांतही लिहिलं नव्हतं. १९७० मध्ये त्याने सामन्यामागे २७ गुण केले. पुन्हा रोश.

संख्याशास्त्रात आम्ही पहिल्या सत्रात शिकतो: गहाळ आकडा का गहाळ आहे ते आधी विचारा. चुकून पडलेली जागा वेगळी आणि कुणीतरी मुद्दाम भरायची नाकारलेली जागा वेगळी. जर्सी निवृत्त करण्याचा नियम मतांवर उभा आहे, आणि मतं कुणी दिली ते आपल्याला माहीत आहे. मग नियम कितीही काटेकोर पाळा, त्या पेनातली शाई त्यात उतरतेच. त्या मार्चला मी माझ्या चिठ्ठीवर पहिलं नाव स्कॉटचं लिहिलं आणि थोड्या फुशारकीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर कृष्णवर्णीय. १९६९ मध्ये ते अठराचे होते. मला वाटलं, ते खूश होतील.

त्यांनी चिठ्ठी वाचली, परत दिली. "मी त्याला पहिलं मत देत नाही," ते म्हणाले. "त्याला माझ्या मताची गरज नव्हती. एकोणसत्तर साली त्यांच्या मताची होती." मग काही वेळाने, रेडिओकडे बघत, "आणि त्याचं नाव चार्ली नाही. त्याला चार्ल्स म्हटलेलं आवडायचं. डीन स्मिथ त्याला चार्ल्सच म्हणत."

मालक काही बोलले नाहीत. आम्ही त्या दिवशी टीव्हीचा आवाज मोठा केला.

डीन स्मिथ स्वतः या वादात कधी पडले नाहीत. ३६ हंगाम, ८७९ विजय, पण आवडता कोण म्हणून विचारलं की विषय बदलायचे. १९८१ मध्ये एका क्रीडा साप्ताहिकाला मुखपृष्ठासाठी सुरुवातीचे पाचही खेळाडू हवे होते. स्मिथनी चारच दिले, पहिल्या वर्षाच्या जॉर्डनला ठेवलं बाहेर. गुण कुणीही करो, त्याने चेंडू देणाऱ्याकडे बोट दाखवून आभार मानायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते वारले. त्यानंतर काही आठवड्यांनी संघाच्या जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं आली, सुमारे १८० जणांच्या. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, प्रत्येकाला २०० डॉलरचा धनादेश, बाहेर जेवायला जा, प्रशिक्षकाकडून. जॉर्डनला दोनशे, आणि चार वर्षं बाकावर बसून टाळ्या वाजवणाऱ्यालाही दोनशे.

मालक ही बातमी वाचून दाखवताना दोनदा थांबले. आजी तोवर राहिली नव्हती. २०१४ च्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या मार्चला तिचा हात थरथरत होता म्हणून चिठ्ठी मी लिहिली. रोझेनब्लूथ पहिला, आणि पाचव्या जागी शार्लट.

शिक्षण संपल्यावर मी मॉरिसव्हिलला राहायला आले, पंचवीस मिनिटांवर. तिथे आता इतकी मराठी घरं आहेत की गणपतीत मोदकांची स्पर्धा होते आणि परीक्षकावरून वर्षभर रुसवे. मार्चमध्ये एक शनिवार मात्र मी चॅपल हिलला जाते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटचं नाव बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. खेळ सोडून त्याला जवळजवळ चार दशकं झाली होती. मास्तरांनी फोन करून "आठ वर्षांच्या पोराला आजोबा झाल्यावर बक्षीस" एवढंच म्हटलं आणि ठेवला. फोनवर ते तसेच आहेत.

पुढच्या मार्चला गेले तेव्हा चिठ्ठ्या टाकून झाल्या होत्या. मालक बाहेर शेगडीवर मांस भाजत होते. मला सुई हवी होती, जॅकेटचं बटण तुटलं होतं. डबा काढला. सुई वरच होती, पण चिठ्ठ्यांना हात गेलाच.

मास्तरांची: वर्दी, आणि खाली चार. मालकांची त्याच्या वरच. हॅन्सब्रो आता दुसरा झाला होता. फोर्ड अर्थातच पहिला, दोनदा अधोरेखित. तिसऱ्या ओळीत नेहमीप्रमाणे 'चार्ली स्कॉट' लिहिलं होतं. मग शेवटची अक्षरं खोडून, जागा अपुरी पडली म्हणून जरा वर, बारीक अक्षरात 'चार्ल्स' केलं होतं.

मी बटण लावलं आणि डबा होता तिथे ठेवला.